सावली न पडणारा तंबू

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं ज्यानं कुणी म्हटलं त्यानं महिपतीला पाहिलं नसणार. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला धरणाचं काम सुरू झालं, त्या सालातली ही गोष्ट. धोंड्यांना तिथं काय तोटा? सुरुंग लावून डोंगरच फोडायला घेतला होता. पण त्यातल्या एकाही धोंड्यावर डोकं टेकून महिपतीला नीज येत नव्हती. सारं अंग झोपेला आलेलं असायचं, आणि डोळे तेवढे टक्क उघडे.

त्याचं काम रात्रपाळीचं. दगडांनी भरलेल्या ट्रॉल्या रुळांवरून उताराला सोडायच्या आणि शेवटच्या ट्रॉलीवर उभं राहून ब्रेकचा दांडा आवळत न्यायचं. खाली पायथ्याशी बायामाणसं राबत असत. एकदा उतारावर महिपतीचा डोळा लागला. ट्रॉल्या सुटल्या, धडधडल्या, आणि त्या आवाजानंच तो जागा झाला म्हणून निभावलं. सगळ्यात पुढची ट्रॉली माणसांपासून हातभर अंतरावर थांबली.

मुकादम कोंडाजी तोंडाचा फाटका, पण त्या दिवशी हळू आवाजात बोलला. "म्हैपती, आज देव पावला. उद्या पावंलच असं न्हाई. दिवसा नीज काढ, न्हाईतर ब्रेक सोड. खाली मानसं हायेत, वांगी न्हाईत."

महिपतीला ते पटलं होतं. आता जे काय व्हायचं ते त्याच्या झोपेवर अवलंबून होतं, आणि झोप तर मुक्ताबाई घेऊन गेली होती.

मुक्ताबाई ही त्याची बायको. पौषात, भर दुपारी, ती त्याची भाकरी घेऊन वर आली. अंगात ताप होता. तेच सांगायला आली असणार. पण नवरा रात्रभर राबून तंबूत निजलेला. ती बाहेर उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, भाकरीची पाटी दाराशी ठेवली आणि आल्या पावली परतली. पाणी भरणाऱ्या बायांनी पाहिलं तेवढंच. संध्याकाळी ओढ्याकाठच्या जांभळीखाली ती सापडली तेव्हा अंग गार पडलं होतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. महिपतीनं हात जोडून नाही नाही ते कबूल केलं, पण समोरच्या फांदीवरचा कावळा मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली.

तेव्हापासून त्याला एकच प्रश्न होता. तिनं हाक का मारली नाही?

तंबू होता पांढऱ्या कापडाचा. उन्हात बाहेरून कुणीही गेलं की त्याची सावली कापडावर पडायची. महिपती डोळे मिटायचा, पापण्यांवर काहीतरी काळं सरकायचं, आणि तो ताडकन उठून बसायचा. बाहेर बघावं तर कधी कोंडाजी, कधी पाणक्या, कधी चुकलेलं गाढव. पण पुढची सावली पडली की ती पुन्हा मुक्ताबाईचीच असायची. पांघरूण ओढून बघितलं, डोळ्यांवर फडकं बांधून बघितलं. सावली दिसेनाशी झाली तरी ती बाहेर उभी आहे हे फडक्याआडूनही कळायचं.

शेवटी तो कोठीवर गेला. कोठीचा कारभार इकबालकडे. हा लोणावळ्याच्या बाजारातला. पूर्वी एका फोटोवाल्याच्या हाताखाली होता, म्हणून त्याला चार गोष्टी जास्त कळायच्या आणि तो त्या न विचारताही सांगायचा.

"इकबालभाई, मला असा तंबू दे की आत उजेड येणार न्हाई. बाहेर कोन उबं ऱ्हायलं तरी सावली पडू नये."

"महिपतीभाऊ, तंबू मागताय की कबर?" इकबाल हसला. मग महिपतीच्या डोळ्यांकडे बघून त्याचं हसू विरलं. "चला, बघू."

भर उन्हात दोघांचा खेळ सुरू झाला. इकबालनं एकेक तंबू उभा करायचा, महिपतीनं आत बसायचं, आणि इकबालनं बाहेरून फेऱ्या मारायच्या.

"दिसतो का मी?"

"दिसतुयास. पोट बी दिसतंय."

पहिला गेला. दुसऱ्याला आतून पिवळं अस्तर होतं. त्यात इकबाल पुसट दिसला, पण दिसला. तिसरा साहेबलोकांचा, दुहेरी कापडाचा. तो द्यायची इकबालची छाती नव्हती. चौथा पलटणीतून आलेला, जाडजूड, जागोजाग ठिगळं लावलेला, कुणाला नको होता म्हणून कोपऱ्यात पडलेला. महिपती आत बसला. बराच वेळ गेला.

"अहो, दिसतो का?"

"कुटं हाईस?" आतून आवाज आला.

तोच ठरला. तरी महिपतीचं समाधान होईना. तो मावळातला, घरी हिरडे गोळा करण्यात लहानपण गेलेलं. हिरडा उकळून त्यात गंजके खिळे टाकले की काजळासारखा रंग उतरतो हे त्याला ठाऊक होतं. गुळाची जुनी काहील मागून आणून त्यानं अख्खा तंबू बाहेरून काळा केला. शिवणींवर घोंगडीचे तुकडे शिवले. दाराला आतून घोंगडी टांगली. छावणीतल्या बाया तो तंबू चुकवून लांबून जाऊ लागल्या. भर माळावर उभी केलेली अमावास्याच होती ती.

पहिल्या दुपारी त्यानं घण आणि सुरुंगांच्या आवाजापायी कानात कापूस कोंबला आणि आडवा झाला. आत हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नव्हता. महिपतीला बरं वाटलं. हळूहळू नजर अंधाराला सरावली, आणि पायांकडच्या कापडावर झाडं दिसली.

झाडं उलटी होती. मुळं वर, शेंडे खाली. त्यांच्यावर जमीन आणि खाली निळं आभाळ. त्या जमिनीवरून दोन बाया घागरी घेऊन चालल्या होत्या, पाय वर आणि डोकी खाली, आणि घागरीतलं पाणी सांडत नव्हतं.

भुताचे पाय उलटे असतात हे त्याला आजीनं सांगितलं होतं. पण अख्खं माणूसच उलटं असलं तर काय समजायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं. महिपती ओरडत बाहेर पळाला.

इकबाल आला, आत शिरला, आणि मोठ्यानं हसला. दाराच्या बाजूच्या कापडाला बाजरीच्या दाण्याएवढं भोक राहिलं होतं. "अहो, हा तर फोटोचा डबा झाला. आत काळोख केला आणि बारीक भोक ठेवलं की बाहेरचं सगळं आत उलटं उमटतं. भूत नाही, जादू नाही. काळोख जितका दाट, तितकं चित्र साफ. हे बघा." तो बाहेर गेला आणि कापडावर उलटा इकबाल नाचू लागला. महिपतीलाही हसू आलं.

"मेण आणतो बाजारातून," इकबाल म्हणाला. "भोक बुजवून टाकू."

बुजवायला बोटभर चिंधी पुरली असती. पण महिपतीनं ती लावली नाही. झाडांचं, दगडांचं, कोंडाजीचं इकबालनं सांगितलं ते त्याला पटलं. पण मनात एक जागा होती, तिथं इकबालचं शहाणपण पोचत नव्हतं. ज्या कापडावर अख्खी छावणी उमटते, त्याच्यावर तीही एकदा उमटेल. त्याला तिची भीती वाटत होती, आणि ती दिसावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. तो कुशीवर पडून त्या उलट्या वाटेकडे बघत राही, आणि झोप पहिल्यासारखीच बाहेर राही.

चैत्रातल्या एका दुपारी ती आली.

दुपारचे सुरुंग उडायचे होते, भोंगा झाला होता, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. कापडावर वरच्या बाजूनं एक हिरवं लुगडं सरकत आलं. डोक्यावर पाटी. चेहऱ्यावर पदर ओढलेला. ती तंबूसमोर आली आणि थांबली. हाक मारली नाही, पुढं आली नाही, नुसती उभी राहिली.

ते लुगडं त्यानं ओळखलं. बोरघाटाच्या जत्रेत त्यानंच घेतलेलं, तांबड्या काठाचं, मुक्ताबाईचं लुगडं. तिच्यामागं ते कुणाला दिलं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. उठावं, घोंगडी बाजूला करावी, असं मनात आलं. पण बाहेर गेलं आणि कुणी नसलं तर? आणि खरंच ती असली तर? तो तसाच पडून राहिला.

ती डुलली. मग हळूहळू वर जाऊ लागली. गुडघे वाकले, लुगड्याचा घोळ पसरला, आणि ती वर, वर सरकत जमिनीला चिकटली. पाटी उपडी झाली. पाटीतून काहीतरी पिवळं चमकत घरंगळलं. काशाची वाटी. उन्हाळ्यात मुक्ताबाई त्याच्या तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासायची, उष्णता उतरते म्हणून. त्यानं तो कधी झोपी गेला हे त्यालाच कळायचं नाही.

भाकऱ्या वाटेवर पसरल्या. एक कावळा उतरला. उलटा कावळा दोन पावलं नाचला, मान वाकडी केली, आणि भाकरीला चोच लावली.

शिवला. कावळा शिवला.

महिपतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दहाव्याला नाही शिवला तो आज शिवला. ती वर गेली, त्याच्यादेखत गेली, सुटली बिचारी. त्यानं पडल्या पडल्या हात जोडले. तीन महिन्यांचं ओझं छातीवरून उतरलं, पापण्या जड झाल्या, आणि महिपती झोपला. असा झोपला की सुरुंग उडाले, डोंगर हादरला, तरी त्याची कूस बदलली नाही.

त्याला जाग आली ती तंबू अंगावर कोसळला तेव्हा. कुणीतरी खुंट्या उपटत होतं. काळ्या कापडाखालून धडपडत तो बाहेर आला आणि उजेडानं त्याचे डोळे दिपले.

"किती हाका मारायच्या?" हातातली खुंटी टाकून इकबाल ओरडला. एका हातात मेणाचा गोळा तसाच होता. "भाऊ, तुमची शालू आहे ही."

शालू त्याची मुलगी. वडिवळ्याला दिलेली, तिथंच नांदत असलेली. ती वाटेवर पडली होती. आईचं हिरवं लुगडं अंगावर, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. बाजूला भाकरीचे तुकडे, सांडलेलं तेल, आणि काशाची वाटी. सावल्या कलल्या होत्या. म्हणजे ती तिथं कितीतरी वेळ पडून होती, तंबूपासून चार पावलांवर, आणि तिच्या बापानं ते सगळं पाहिलं होतं.

महिपतीनं तिला उचललं आणि दवाखान्याच्या तंबूकडे पळत सुटला. वाटेत तो काय बोलत होता ते इकबालला समजलं नाही. "खाली पडत व्हती," एवढंच तो परत परत म्हणत होता, "मला वाटलं वर चाल्ली."

कंपाउंडर म्हणाला, ऊन लागलंय, रात्र निभावली तर निभावली. ओली फडकी बदलत महिपती बसून राहिला. कोंडाजीनं त्या पाळीला दुसरा माणूस ब्रेकवर उभा केला.

उजाडलं तेव्हा शालूनं डोळे उघडले. पाणी मागितलं, प्याली. मग बापाकडे बघून म्हणाली, "आबा, नीज झाली का?"

महिपतीनं तिच्या कपाळावरचं फडकं बदललं.

"गावात कळलं, तुमाला नीज येत न्हाई. म्हनून आयची वाटी आन तेल घिऊन आले. ठेसनापासून चालत आले, ऊन लय व्हतं." तिनं आणखी एक घोट घेतला. "तंबूपाशी आले, तर आत सामसूम व्हती, निजल्यागत वाटलं."

"मग हाक का न्हाई मारली, बाय?"

शालूला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "निजला व्हता न्हवं? लय दिसांनी निजला व्हता. कशी हाक मारू?"

पौषापासून महिपती ज्या उत्तरासाठी जागत होता ते असं तिच्या तोंडून आलं. मुक्ताबाईच्या मनात राग नव्हता, रुसवा नव्हता. तिनं त्याची झोप राखली होती, आणि ती राखता राखता मेली होती. उत्तर मिळालं की सुटका होते असं लोक म्हणतात. महिपतीची झाली नाही. त्यानं शालूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला.

शालू बरी झाली, सासरी गेली. वाटी तिनं बापाकडेच ठेवली. महिपतीनं ब्रेक सोडला तो सोडलाच. कोंडाजीनं त्याला रात्री कंदिलांत तेल भरत हिंडायचं काम दिलं. त्यात पेंगलं तर फार तर एखादी वात विझते.

मग एका दुपारी तो काळा तंबू गुंडाळून कोठीवर गेला.

"ह्यो घे. दुसरा दे."

"बसा आत," इकबाल म्हणाला, "मी फिरतो."

पुन्हा तोच खेळ झाला. इकबाल भर उन्हात फेऱ्या मारत होता आणि महिपती एकेका तंबूतून मान हलवत बाहेर येत होता. हा जाड. हाही जाड. शेवटी एक विटलेली, विरलेली पांढरी रावटी होती, शेळीही आडोशाला बसणार नाही अशी. महिपती आत बसला. कापडावर इकबाल दिसला, त्याच्या टोपीचा गोंडासुद्धा दिसला.

"ह्यो दे."

"भाऊ, यात डोळा लागायचा नाही तुमचा."

"न्हाई लागला तर न्हाई. कोन आलं ते कळंल."

त्या रावटीत तो काम संपेपर्यंत राहिला. तुटक तुटक निजायचा. सावली पडली की उठून बाहेर यायचा. बहुतेक वेळा पाणक्या असायचा, नाहीतर गाढव. छावणीतली माणसं चेष्टा करायची, महिपती गाढवालासुद्धा या बसा म्हणतो. पण एखाद्या दुपारी कापडावर सावली पडायची, पाटी घेतलेल्या बाईची, आणि बाहेर येऊन बघावं तर वाट रिकामी असायची. तेव्हा महिपती लगेच आत जात नसे. दाराशी भाकरीचा तुकडा ठेवायचा, उन्हातच उकिडवा बसायचा, आणि त्या रिकाम्या वाटेला सांगायचा, "बोल गं. जागा हाये मी."