सरदारांची ताजीम

माझे वडील लक्ष्मीकांत, घरात सगळ्यांचे अण्णा, ग्वाल्हेर संस्थानाच्या मोठ्या कोर्टात जज होते. कायदा शिकले मुंबईला, मुन्सफी केली भिंडला, आणि घरात हुकूम चालला तो आईचा. आंब्यांची वाटणी करायची तरी अण्णा सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेत. तोवर आंबे उतरायला लागत.

१९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं. कोर्ट तेच, खुर्ची तीच, पण दरबारच्या जुन्या जजांकडे नवे लोक जरा तिरक्या नजरेनं बघायचे. त्याच दिवसांत विजयाबाईंचा दावा अपिलात अण्णांपुढे आला.

विजयाबाईंचे यजमान कान्होजी हे सरदार संभाजीरावांच्या पथकात शिपाई. पडाव मोहल्ल्याजवळचं दोन खोल्यांचं घर सरदारांनी त्यांना दिलेलं. पथक मोडलं, कान्होजी वारले, आणि सरदार म्हणाले, घर चाकरीपुरतं होतं, परत करा. बाई म्हणाल्या, बक्षीस होतं. कागद नव्हता. असणार कुठून? आमच्याकडे अशी बक्षिसं दसऱ्याला चारचौघांत, हातावर नारळ ठेवून दिली जायची. वर कागद मागणं म्हणजे सरदाराच्या शब्दावर शंका घेणं. अण्णा लहानपणापासून असे नारळ बघत आले होते. घर बाईंचंच, असं त्यांचं मत होत आलं होतं. हे त्यांनीच नंतर आईला सांगितलं.

सुनावणीला मी मागच्या बाकावर बसले होते. संभाजीराव ताजीमी सरदार. म्हणजे ते दरबारात आले की सगळ्यांनी उठून मान द्यायचा, खुद्द महाराजांनीसुद्धा. पट्टेवाल्यानं नाव पुकारलं, सरदार दारात आले, आणि अण्णा उठून उभे राहिले. न्यायासनावरून! चटका बसल्यासारखे लगेच खाली बसले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

विजयाबाईंनी हात जोडले. "साहेब, आता सुनवाई कशाची? फैसला तर झाला."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सांगितला: सरदार आल्यावर मी उभा राहिलो. बाईंचा विश्वास उडाला, यात त्यांची चूक नाही. हे अपील दुसऱ्या न्यायाधीशांनी ऐकावं.

काय वाहवा झाली! वर्तमानपत्रात नाव आलं, आमच्या अख्ख्या लश्कर शहरात चर्चा झाली. मीही मैत्रिणींत भाव खाऊन घेतला. नव्या सरकारचा विश्वास बसला आणि वर्षाच्या आत अण्णांना वरची जागा मिळाली.

दुसरे न्यायाधीश बाहेरून आलेले, सचोटीचे. त्यांनी कागद मागितला. घर गेलं.

मग एक दिवस विजयाबाई आमच्या दारात आल्या. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

अण्णा म्हणाले, "बाई, मी अन्याय करीन अशी भीती तुम्हालाच वाटली ना?"

"वाटली, म्हणून बोलले. पण आपण ऐकून तर घ्यायचं होतं. दसऱ्याचा नारळ म्हणजे काय, ते त्या साहेबांना कसं समजावणार? त्यांना मालूमच नाही. आपलं नाव साफ राहिलं, साहेब. माझं घर गेलं."

माझं डोकंच फिरलं. "ह्या तर उलट्या बोंबा झाल्या!" मी म्हणाले.

"शरयू, गप्प बस," अण्णा म्हणाले. "त्या खरं बोलतायत."

बाई निघून गेल्या. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. चांगुलपणानं असं कुणाचं घर जावं, हे मला आजही पटत नाही.

१९५६ साली राज्य पुन्हा बदललं, मुख्य कोर्ट जबलपूरला गेलं आणि अण्णा निवृत्त झाले. वकिलांनी सत्कार ठेवला. रमाकांत वकिलांनी अण्णांनी अपील सोडलं त्या दिवसाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.

अण्णा उत्तराला उठले. "त्या दिवशी मी स्वतःला वाचवलं," ते म्हणाले. "बाईंना नाही. घर त्यांचं होतं आणि मला ते ठाऊक होतं. मी खुर्चीवर बसून राहायला हवं होतं, लोकांनी काहीही म्हटलं असतं तरी."

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वाह! क्या विनम्रता है!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णा हात वर करून "नाही, नाही" म्हणत राहिले, तसा टाळ्यांचा जोर वाढतच गेला.