न बुडणारी गाडी

मी एक जुनी, बिनचाकांची गाडी आहे. कागदोपत्री मी सिम्युलेटर. एस्टोनियातल्या आमच्या बेटावरच्या वाहनशाळेतली पोरं मात्र मला ‘म्हातारी’ म्हणतात. म्हणोत बापडी. भंगारातल्या ट्रकची खुर्ची, स्टिअरिंग आणि समोर तीन पडदे, एवढ्या भांडवलावर मी अर्ध्या बेटाला गाडी शिकवली. माझ्यात बसून कुणाला साधं खरचटलं नाही. आपटा, पलटी खा. बटण दाबलं की रस्ता पुन्हा कोरा. खऱ्या गाड्यांनी एवढी ऐट मिरवून दाखवावी.

शिस्त माझी कडक. सीटबेल्ट लावल्याशिवाय मी चालूच होत नसे. त्याचंच कौतुक व्हायचं.

पण मित्रांनो, हिवाळ्यात आमचा समुद्र गोठतो आणि त्यावरून गाड्या पलीकडच्या बेटावर जातात. त्या वाटेचा नियम उलटा. बर्फावर उतरताना पट्टा काढायचा; बर्फ फुटला तर माणूस मोकळा हवा. हिलार मास्तर हे दर वर्गाला बजावत. मारिका नावाची एक पोरगी होती, हुशार, जीभ कात्रीसारखी. ती म्हणाली, “मास्तर, पट्टा काढला की तुमची म्हातारी रुसून बसते. मग सराव कुठं करू, तुमच्या डोक्यावर?”

वर्ग हसला. मास्तरही हसले. “हिच्यात लाव, बर्फावर काढ.”

ती बरं म्हणाली. मग थंडीभर माझ्या पडद्यावरच्या बर्फावरून सुसाट गेली, पट्टा लावून.

फेब्रुवारीत ती पावाची गाडी घेऊन खऱ्या बर्फावर उतरली. अर्ध्या वाटेत बर्फ फुटला. मागून येणाऱ्या तिच्या मामाला ती काचेआड खांद्यावरच्या पट्ट्याशी झटताना दिसली. तो धावत पोचेपर्यंत गाडी खाली गेली होती.

तिची आई लेइदा शाळेत आली. मास्तर एकच घोकत होते, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं.

“सांगितलंस रे, हिलार,” ती म्हणाली. “तिच्या कानाला सांगितलंस. हाताला या खोक्यानं शिकवलं.”

खरं होतं तिचं. बुडणं मलाच ठाऊक नाही, मी ते काय शिकवणार? जे माझ्यात नव्हतं, ते पोरांच्या हातांना जगातही नाही असं वाटलं.

आता मी कोठीत पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मला जपू नका. पोरं जपा; माझ्यात बसवलंत तर एकदा तरी त्यांना हाताला धरून खऱ्या बर्फावर न्या.

ऐकणार कोण म्हणा. नवी गाडी आली आहे. तिचे पडदे मोठे, आणि तिचाही बर्फ फुटत नाही. पोरांनी तिच्यापुढे रांग लावली आहे.