मांडीवरचा केक

वहिनीचे केक लग्नघरी पोहोचायचे ते आत्याच्या मांडीवरून. घरातली पोरं तिला आत्या म्हणत, म्हणून सगळी गल्लीच आत्या म्हणे. भावाच्या, म्हणजे दादाच्या, छोट्या गाडीत मागच्या सीटवर ती पाय जुळवून बसायची. मांडीवर केकचा खोका. गाडी वळली की कमरेतून अशी झुकायची, की आतल्या क्रीमला वळणाचा पत्ताही लागत नसे. वर तोंडाचा पट्टा चालूच. "खड्डा! डावीकडून घे. दादा, स्पीडब्रेकर, हळू!" दादाचा हात स्टिअरिंगवर आणि मन भलतीकडेच, त्यामुळे गाडी खरी चालवायची ती आत्याच.

पण वहिनीचं नाव झालं आणि केक उंच व्हायला लागले. पाच-पाच मजले! ते सुटे न्यायचे, तिथे जाऊन रचायचे, आणि तेवढ्यात नवरा-नवरी दारात हजर. "आता मोठी व्हॅनच घ्यायची," वहिनीने जाहीर केलं. "मागे माणूस ताठ उभा राहील अशी. केक घरीच रचायचा, पट्ट्यांनी बांधायचा, की झालं. कुणाच्या मांडीला त्रास नको."

हे शेवटचं आत्याच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर ज्याची वाट बघायची, त्याला ही बाई त्रास म्हणते! खोका उतरवताना भल्याभल्यांना "जपून हं!" म्हणून दटावायचा मान तिला दुसरीकडे कुठे मिळणार होता? व्हॅन आली की आपण घरी, हे तिला लख्ख दिसलं. पण असलं काही तोंडाने बोलणार कसं? त्यापेक्षा व्हॅनलाच नावं ठेवलेली बरी.

विक्रेत्याने दाखवलेली पहिलीच व्हॅन मात्र वाईट निघाली, म्हणजे आत्याच्या दृष्टीने. उंच छत, सपाट तळ, मागची दोन्ही दारं सताड उघडणारी, पट्टे अडकवायला जागोजागी कड्या. दादा तर लहान पोरासारखा आतबाहेर करत होता. आत्याने खोट शोधून शोधून शेवटी "रंग फारच पांढरा आहे" एवढंच म्हटलं. वहिनीने मात्र पुढच्या दारातून डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "ही नको."

"अहो, पण का?" विक्रेत्याचा चेहरा पडला.

"नको म्हणजे नको. दुसरी दाखवा."

आत्याला वाटलं, धावत जाऊन वहिनीला मिठी मारावी.

दुसरी होती वांगी रंगाची, छताला बोटभर बुटकी. वहिनी आधी पुढे डोकावली, मग मागे शिरून ताठ उभी राहिली आणि खुशीत म्हणाली, "चला, परीक्षा घेऊ." परीक्षेसाठी चार मजल्यांचा केक आणलेलाच होता, तोही अर्थात आत्याच्या मांडीवरून. तो रचला, बांधला. "मला नाही बघवणार," म्हणत वहिनी शोरूमच्या दारातच थांबली.

पुढे दादा, मध्ये आत्या, खिडकीशी विक्रेता. आत्याची मांडी रिकामी. तिने मनाशी ठरवलं, आज मूग गिळून बसायचं. दादाने गाडी आदळली, केक कोसळला, की व्हॅन नापास.

आणि समोर स्पीडब्रेकर आला. नवा कोरा, अजून पट्टेही न रंगवलेला. दादाला दिसलाच नव्हता. गाडी भरधाव. आत्याने ओठ घट्ट मिटले. मग तिला आठवली ती सकाळची वहिनी, झोपाळल्या डोळ्यांनी क्रीमच्या गुलाबाची एकेक पाकळी लावणारी.

"स्पीडब्रेकर! दादा, मेल्या, हळू!"

दादाने ब्रेक दाबला. व्हॅन अलगद चढली, अलगद उतरली. मागे जाऊन पाहिलं तर केक जागच्या जागी, एकही गुलाब हललेला नाही. व्हॅन पास झाली. आत्याला हसूही आलं आणि रडूही.

"या ओरडल्या नसत्या, तर मी आज क्रीम पुसत बसलो असतो," परत आल्यावर विक्रेत्याने सांगितलं.

"म्हणून तर ती पहिली सोडली," वहिनी म्हणाली. "पुढे दोनच सीटा होत्या."

आत्या झटकन तिच्याकडे वळली. "मग?"

"मग काय, वन्सं? तुम्ही कुठे बसला असता? केकला पट्टे मिळाले हो, पण ह्यांना सांभाळायला कोण?"

आत्याने कबूलच करून टाकलं. "अगं, मी तर आज मुद्दाम गप्प बसणार होते."

"तुम्ही? गप्प?" वहिनी पोट धरून हसली, दादाही हसला, आणि मग आत्यालाही राहवेना.

केक तिथेच कापायचा ठरला. विक्रेता टेबल आणायला धावला.

"टेबल कशाला?" म्हणत आत्या मधल्या सीटवर चढून बसली आणि तिने पाय जुळवले. "आणा इकडे. जपून हं!"