नाल्यावरचे बारा फोटो

मित्रांनो, बोईसरच्या एका वार्ताहराच्या खांद्यावर अकरा वर्षे लटकलेला मी कॅमेरा. समोरचे दृश्य फार काळे नको, फार पांढरेही नको, मध्यम दिसावे, एवढे मला कारखान्यात शिकवले गेले. ते मी इमानाने केले. त्यातूनच एकदा एका बाईचे खरे बोलणे माझ्यामुळे खोटे पडू लागले होते.

माझे मालक शैलेश सालवडला राहतात. ते मला नेहमी 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवत. शटर किती वेळ उघडायचे आणि भिंगाचे छिद्र किती मोठे ठेवायचे, हे ते स्वतः ठरवत. आयएसओ, म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा, तेवढे माझ्यावर सोपवलेले होते. सफाळ्याच्या भातशेतातले ऊन असो की कारखान्याच्या शेडमधला अंधार, मी तो आकडा आपोआप वरखाली करून घेई आणि फोटो वेळेत पेपरला पोहोचे. "शैलेशचा फोटो कधी परत पाठवावा लागत नाही," असे संपादक म्हणत. ते ऐकून मला बरे वाटे.

काशीबाई खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून बाजारात विकते. दर शनिवारी सकाळी कारखान्यांकडच्या नाल्यातून काळे पाणी येते आणि चिंबोऱ्या मरतात, अशी तिची तक्रार होती. प्रदूषण मंडळाची माणसे तपासणीला आली ती मंगळवारी. तेव्हा पाणी ठीक होते. आता तक्रार कायमची बंद होणार होती. शेवटच्या सुनावणीआधी शैलेश तिला म्हणाले, "मावशी, रोज सकाळी साडेसातला नाल्याच्या पुलावरून एक फोटो काढतो. जागा तीच, शटर तेच, छिद्र तेच. मग कोण खोटं म्हणेल?"

बारा दिवस ते पुलावर उभे राहिले. आयएसओ मात्र माझ्याकडेच राहिला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दोन्ही शनिवारी पाणी काळे आले. दृश्य अंधारले तसा मी आकडा दोनशेवरून आठशेवर नेला आणि काळे पाणी राखाडी करून दिले. शैलेशना बातमी पाठवायची घाई असे. फोटो हलला नाही ना, एवढेच त्यांनी पाहिले.

सुनावणीत बारा फोटो टेबलावर मांडले गेले. सुनावणी घेणाऱ्या मंडळाच्या साहेबांनी चष्मा लावला.

"काशीबाई, यातले शनिवार कोणते? दाखवा."

तिला दाखवता येईना.

"सगळे दिवस सारखेच आहेत. मग बंद करू तक्रार?"

काशीबाई शैलेशकडे वळली. "वा रे पेपरवाल्या! तुला काळं पाणी दाखवायला सांगितलं, तं तुज्या डब्याने त्याला पावडर लावून आणलं!"

कारकून हसला.

काशीबाई फोटो गोळा करू लागली आणि तिचा हात थांबला. नाला खाडीला मिळतो तिथे चुना लावलेला एक दगड आहे. भरती कुठवर आली ते त्याच्यावरून बघूनच बायका चिखलात उतरतात.

"आमी पाण्याआधी दगड बगतो," ती म्हणाली. "धा फोटोंत तो मळका हाय. या दोघांत तांदळाच्या पिठावानी पांढरा कसा?"

शैलेशनी घाईने माझ्या पडद्यावर ते फोटो उघडले. प्रत्येक फोटोबरोबर मी त्याचे आकडे जपून ठेवतो. दहा फोटोंवर आयएसओ दोनशे होता, दोन फोटोंवर आठशे. ते दोन्ही शनिवार होते.

"साहेब, चूक माझी. उजेडाचा एक आकडा मी कॅमेऱ्यावर सोडला होता. पाणी काळं झालं म्हणून त्याने सगळंच उजळलं. दगडसुद्धा."

"त्या दिवशी ढग असतील."

"ढग असते तर दगड आणि पाणी बरोबरच काळवंडले असते. मग उजळल्यावर दोन्ही नेहमीसारखी दिसली असती. इथे दगड एकटाच जास्त पांढरा आहे."

साहेबांनी पुन्हा एकदा बारा फोटो पाहिले. "तक्रार चालू ठेवा. शनिवारी मी स्वतः येतो."

"बूट घालून नका येऊ," काशीबाई म्हणाली. "चिखल लई हाय."

ते आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पाणी काळे आले. बाटल्या भरून मोहोरबंद झाल्या, कागदावर काशीबाईने सही केली. शैलेशनी या वेळी आयएसओ स्वतःच्या हाताने दोनशेवर ठेवला. मला काही ठरवायचे नव्हते. पाणी जसे होते तसे मी घेतले. फोटो काळा आला.

त्या सकाळी काशीबाई खाडीत उतरली नाही. रिकामी टोपली काखेत घेऊन तिने विचारले, "साहेब, फुडच्या शनवारी बी याल ना?"

"येईन."

मित्रांनो, आमच्यावर कामे जरूर सोपवा, आम्ही ती न थकता करू. पण कोणते काम सोपवले ते कागदावर लिहून ठेवा. समोरचे पाणी कुणाच्या पोटाचे आहे, हे आम्हाला दिसत नाही. ते तुम्हीच पाहायचे आहे.