परवानगीला लागलेले बावीस तास

सकाळी सात वाजता तिने धाकट्या जावेच्या काखेतला थर्मामीटर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. एकशे दोनला जरासा कमी.

ताप बघणं हे तिचं रोजचंच काम होतं. वस्तीत तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, सगळे तिला थर्मामीटरवाली म्हणत. बाळंतिणींना जंतूंमुळे येणारा ताप लवकर हेरला तर किती जणी वाचतात, याचा अभ्यास एका संशोधन केंद्राने हाती घेतला होता. त्यासाठी ती दिवसाला अकरा घरं फिरायची, ताप मोजायची, नोंद करायची आणि गरज पडली तर बाईला दवाखान्यात धाडायची. कर्मचाऱ्यांच्या घरच्या बायका मात्र अभ्यासात घ्यायच्या नाहीत, असा केंद्राचा नियम होता. त्यामुळे चार दिवसांपूर्वी बाळंत झालेल्या तिच्या जावेकडे कोणी थर्मामीटर घेऊन येणार नव्हतं. सकाळी अंग जरा कढत लागलं म्हणून तिनेच आपला थर्मामीटर लावला होता.

तिने सासूबाईंना सांगितलं की हा ताप साधा नाही, आजच दाखवायला हवं. सासूबाई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होत्या. त्यांच्या मते दूध उतरताना अंग तापतंच, त्यांचंही तापलं होतं. शिवाय धाकटा मुलगा मालाचा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर होता. त्याला न विचारता त्याच्या बायकोला कुठे न्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. फोन लावला, तर तो लागत नव्हता.

"लागेल तासाभरात," थर्मामीटरवालीचा नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला आणि कामावर गेला. तीही पिशवी खांद्याला लावून निघाली.

चौथ्या घरात अगदी तशीच बाळंतीण होती. तोच ताप, ओटीपोटात तसंच दुखणं. सासरे म्हणाले, मुलगा संध्याकाळी येईल, मग बघू. त्यावर ती दारातच ठाण मांडून बसली. हा ताप रक्तात उतरला की संध्याकाळ दिसत नाही, असं तिने त्यांना तोंडावर सुनावलं. अर्ध्या तासात रिक्षा आली. बाई दवाखान्यात पोचली आणि पुढे आठ दिवसांनी हिंडतीफिरती घरी आली.

पाचव्या घरात मात्र तिचं चित्त लागेना. आकडा लिहिताना तिने दोनदा खाडाखोड केली. सहावं घर तसंच टाकून ती भर दुपारी घरी परतली.

धाकटी दोन पांघरुणांखाली हुडहुडत होती. एकशे तीन. खोलीत कुबट वास सुटला होता. थर्मामीटरवालीने नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, भावाच्या खोलीच्या उंबऱ्याशी घुटमळला आणि आईकडे बघू लागला.

"त्याची बायको आहे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या काही कमीजास्त झालं तर त्याला तोंड काय दाखवू?"

"संध्याकाळपर्यंत बघू," नवरा म्हणाला.

तिच्या ओठांवर बरंच काही आलं. चौथ्या घरात जे भडाभडा बोलली, तेच बोलायचं होतं. पण तिथे ती केंद्राची बाई होती आणि इथे सून होती. ती आत गेली आणि धाकटीच्या कपाळावरची पट्टी बदलू लागली. धाकटीने तिचं मनगट पकडलं. हात निखाऱ्यासारखा होता.

"ताई, तुम्ही बाकीच्या घरांत काय सांगता?"

तिने पट्टी पुन्हा भिजवली.

संध्याकाळ झाली. फोन लागला नाही. आत-बाहेर, फोनपाशी, परत पलंगापाशी, अशा तिच्या फेऱ्या चालूच राहिल्या. पहाटे पाचला एकदाची घंटी वाजली. नवऱ्याने भावाला ताप चढल्याचं सांगितलं आणि दवाखान्यात न्यायचं का, विचारलं. पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू आलं.

"अरे, मग मला काय विचारता? न्या ना तिला."

दवाखान्यात नेलं तोवर जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिसऱ्या दिवशी धाकटी गेली. मागे सात दिवसांची मुलगी राहिली.

केंद्राचा अभ्यास चालू असलेल्या भागात कुठलीही बाळंतीण दगावली की घरी जाऊन चौकशी होत असे. दोन आठवड्यांनी थर्मामीटरवालीचीच एक सहकारी कागद घेऊन आली. ती यायच्या आधी सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. ताप पहाटे अचानक चढला असं सांग, म्हणाल्या. गेलेली काही परत यायची नाही, धाकट्याच्या मनाला तरी घोर नको.

"नाही, आई," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांना ती पहिल्यांदाच नाही म्हणत होती.

बाहेर धाकटा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. सहकारीने विचारलं, ताप आहे हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळलं?

"मला," थर्मामीटरवाली म्हणाली. "बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजता."

मग दवाखान्यात नेलं कधी?

"दुसऱ्या दिवशी पहाटे पाचनंतर. बावीस तास आम्ही परवानगीची वाट बघत होतो. सगळं ठाऊक असून मीही बघत बसले. तसंच लिही."

धाकट्याने मान वर केली. त्याच्या फोनसाठी आदल्या सकाळपासून सगळे थांबले होते, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याने मुलीला आणखी जवळ ओढलं. सासूबाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या, "माझी बहीण अशीच गेली. तेव्हाही आम्ही वाटच बघत होतो." सहकारीचं पेन थबकलं. कागदावर याला जागा नव्हती. थर्मामीटरवालीने तिला मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली. पहिल्याच घरात दोन दिवसांची बाळंतीण होती, उशाशी सासू, दारात नवरा. ताप नव्हता. तिने नोंद केली, पण ती उठली नाही.

"उद्या ताप आला तर दवाखान्यात जायचं का, ते तुम्हीच सांगा," ती बाळंतिणीला म्हणाली. "आत्ता, या सगळ्यांसमोर."

बाळंतिणीने सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सासू उत्तर द्यायला पुढे सरसावली, तेव्हा थर्मामीटरवालीने हाताने तिला थांबवलं. खोलीत सगळे अवघडून गेले. पुढची दहा घरं खोळंबली होती, तरी ती हलली नाही.

"जायचं," बाळंतीण म्हणाली. "कोणासाठी थांबायचं नाही."