डावीकडचा माणूस

"माणसं जाऊ देत. मग दाब. इमारत काही पळून जात नाही."

वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तरी रविवारी सकाळी कॅमेरा डोळ्याला लावला, की हा आवाज बाईंच्या कानामागे येऊन उभा राहायचाच. आजही राहिला. चौकातली सायकलींची शर्यत नुकतीच संपली होती. पहिला आलेला गडी लोकांच्या खांद्यांवरून गेला, त्याच्यामागे बँड गेला, बँडच्या मागे गर्दी गेली. ज्याला फोटो काढायचे त्याने ते काढून घेतले. बाईंनी अजून एकही काढला नव्हता. चौक रिकामा व्हायची वाट बघत त्या समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या.

चौक रिकामा झालाही. उरला एकच गृहस्थ. घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायरीवर बसून तो निवांत शेंगा फोडत होता.

"अहो दादा, जरा बाजूला होता का?"

"का? वरून काही पडतंय?"

"नाही हो, फोटो घ्यायचाय."

त्याने केसांवरून हात फिरवला. "घ्या की मग. असाच बसू, का उभा राहू?"

"तुमचा नाही. पायऱ्यांचा."

"पायऱ्यांचा!" तो उठला, पँट झटकली आणि पायऱ्यांकडे वळून म्हणाला, "नीट बसा गं बायांनो. हसा जरा."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी ओठांआडच ठेवलं. गृहस्थ गेला, टरफलं तिथेच राहिली. त्या खाली वाकून ती वेचू लागल्या, आणि वेचता वेचता त्यांच्या लक्षात आलं, की हे काम त्यांना आजवर कधी करावंच लागलं नव्हतं. ते घड्याळवाला करायचा.

मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देणारा, त्याला तेलपाणी करणारा तो माणूस. बाई लांबून येताना दिसल्या, की आपणहून पायऱ्या मोकळ्या करायचा. "चला, चला, बाईंचा फोटो व्हायचाय," म्हणत पोरंटोरं उठवायचा, कठड्यावर वाळत घातलेलं फडकं उचलायचा आणि स्वतः डावीकडच्या खांबापाशी सरकून हाक द्यायचा, "झालो बाजूला, बाई!" फोटो झाला, की त्या म्हणायच्या, "आभारी आहे हं." तो म्हणायचा, "घड्याळ बरोबर आहे, मिळवून बघा." वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं एवढंच. आज तो नव्हता. मागच्या रविवारीही नव्हता. गेला असेल कुठे नातेवाइकांकडे, असं म्हणून बाईंनी टरफलं पिशवीत टाकली, फोटो घेतला आणि घरची वाट धरली.

बाईंचा हा रविवारचा नेम होता. कुठे नवा पूल उघडला, फुलांचं प्रदर्शन भरलं, जुनी वखार पाडायला काढली, की त्या तिथे हजर. आणि काही नसलं, तर चौकातलं घड्याळ होतंच. वडील सरकारी खात्यात जुन्या इमारतींची मापं घ्यायचे. मापासाठी फोटो लागत, आणि त्यात माणूस उभा राहिला, की जोत्याची रेघ तुटते. म्हणून ते कॅमेरा लेकीच्या हातात देताना सांगायचे, माणसं जाऊ देत. ते गेले, कॅमेरा राहिला, आणि त्यांच्या कामातली एक साधी सोय लेकीने नेम म्हणून उचलली. नेम धरणाऱ्याला एक ठाऊक असतं. तो मोडायला कारणं शोधावी लागत नाहीत, ती दाराशी रांग लावून उभी असतात. पाळायला मात्र एकच कारण पुरतं, आपण मनाशी शब्द दिलेला असतो.

शिवाय खरं सांगायचं, तर बाईंना रविवारी माणसं नकोच असायची. आठवडाभर त्या बसस्थानकावर तिकिटांच्या खिडकीत बसत. जाळीला खाली एक अर्धगोल भोक. त्यातून हात आत यायचे, आणि जाळीपलीकडे तोंडं. घाईची, चिडलेली, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारी. सहा दिवस तोंडं बघितल्यावर सातव्या दिवशी एखादी रिकामी कमान बघितली, की डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवल्यासारखं वाटायचं. गावाने त्यांचं नाव 'बाजूला-व्हा बाई' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचा राग नव्हता.

सोमवारी खिडकीशी एक मुलगी आली. हात आत आला नाही.

"कुठलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"तिकीट नकोय, मावशी. तुम्हीच ना त्या… घड्याळाचे फोटो काढणाऱ्या?"

बाईंनी मान वर केली. पंचविशीची असेल. बोटाला शिलाईच्या सुईची भोकं.

"मी घड्याळवाल्यांची मुलगी. बाबा गेले, मावशी. या महिन्याच्या सुरुवातीलाच. झोपेत."

बाईंच्या हातातला तिकिटांचा गठ्ठा तसाच राहिला.

"ओ ताई, गप्पा घरी मारा! बस सुटतेय," मागून कोणीतरी ओरडलं.

"सुटत नाही, ड्रायव्हर अजून चहा पितोय," बाई म्हणाल्या, आणि जाळीला तोंड लावून हळू विचारलं, "बोल गं. काय हवंय?"

"बाबांचा फोटो. आमच्याकडे एकच आहे, ओळखपत्रावरचा. त्यावर नेमका तोंडावर शिक्का मारलाय." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "आईचं हल्ली विस्मरण वाढलंय. ते गेले हे तिला कळतं, पण सकाळ-संध्याकाळ विचारते, 'ते दिसायला कसे होते गं?' मी काय सांगू? नाक सांगू, का भुवया सांगू? बाबा म्हणायचे, बाई दर रविवारी फोटो काढतात. म्हटलं, एखाद्यात तरी असतील."

'नाहीत' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांच्याइतकं खात्रीने ते दुसरं कोण सांगू शकणार होतं? पण त्यांनी तो गिळला.

"शोधते," त्या म्हणाल्या. "तू हेलपाटे घालू नकोस. राहता कुठे?"

"मनोऱ्याच्या डावीकडच्या गल्लीत. शेवटचं घर."

"मिळाला, की मी स्वतः घेऊन येईन."

घरी जाताना त्यांना वाटलं, आपण भलताच शब्द देऊन बसलो. पण दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. तो काही रस्त्यात टाकून देता येत नाही.

रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी टेबलावर फोटोंची खोकी मांडली. भाऊ गेल्यापासून घरात त्या आणि वहिनी, दोघीच. वहिनींनी चष्मा चढवला आणि एकेक फोटो दिव्याखाली धरला.

"काय शोधायचं?"

"माणूस."

"तुमच्या फोटोत?" वहिनींनी चष्म्यावरून बघितलं. "वन्सं, वाळवंटात मासा शोधायला सांगा, तो एखादे वेळी सापडेल."

"वहिनी, चेष्टा नको."

"बरं, बरं." थोडा वेळ गेला. "हे फुलांचं प्रदर्शन ना? इथे आपण दोघी गेलो होतो. मी कुठेय?"

"तुम्ही…" बाई अडखळल्या. "तुम्हाला मी बाजूला उभं केलं होतं."

"हं. मला आठवतंय. माझ्या हातात तुमची छत्री होती." वहिनी एवढंच बोलल्या आणि पुढचा फोटो उचलला.

आजवर या फोटोंत बाईंना शांतता दिसायची. आज पायऱ्यांवर कोणीच नव्हतं, पुलावर कोणी नव्हतं, बागेतल्या बाकावर कोणी नव्हतं. गावात साथ येऊन गेल्यासारखं. नेम पाळताना आपण कोणाला दाराबाहेर उभं केलं, हे नेमाला कळत नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं.

"वन्सं, हे बघा. हे काय?"

घड्याळाच्या एका फोटोच्या डाव्या कडेला एक लहानसं काहीतरी होतं. बाईंनी भिंग धरलं. शर्टाची दुमडलेली बाही आणि हाताचं कोपर. कोपरावरून कागद सरळ कापलेला.

"कोपर आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि कोपर आहे, म्हणजे त्याला लागून माणूस असणार. कोपरं काही एकेकटी फिरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच कामाच्या वारी रजा मागितली, म्हणून साहेबांनी आधी तब्येतीची चौकशी केली. निगेटिव्हची सगळी पाकिटं पिशवीत भरून त्या स्टुडिओवाल्याकडे गेल्या. त्यांचे रोल धुण्यापासून छापण्यापर्यंत सगळं तोच करायचा. आता म्हातारा झाला होता, जीभ तेवढी तरुण होती. त्याने कोपर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"चुकून राहिलं हो बाई. माफ करा. हा डावीकडचा फार त्रास देतो."

"कोण डावीकडचा?"

"अहो, तुमच्या घड्याळाच्या प्रत्येक फोटोत असतो की! आम्ही दुकानात त्याला 'डावीकडचा'च म्हणतो. बाईंचा रोल धुतला? धुतला. डावीकडचा आहे? आहे. कापा. तुम्हीच नाही का पहिल्या दिवशी सांगून ठेवलंत, कडेला माणूस दिसला तर कापून द्या म्हणून?"

बाई स्टुलावर बसल्या. "पण तो तर बाजूला व्हायचा. मी बघून मगच…"

"तुमच्या कॅमेऱ्याच्या काचेतून जेवढं दिसतं, त्याहून थोडं जास्त फिल्मवर उतरतं. तुम्हाला वाटायचं तो गेला, त्यालाही वाटायचं मी गेलो. फिल्मला नाही तसं वाटलं."

उजेडाच्या काचेवर त्याने पट्ट्या मांडून दिल्या. बाई भिंग घेऊन वाकल्या. खरंच होता. उन्हाळ्यातल्या फोटोत होता, पावसाळी ढगांखाली होता, बँडच्या दिवशी होता. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात, त्यामुळे तो तरुणपणापासूनच म्हातारा दिसत होता, आणि पुढे पुढे, खरोखर केस पिकल्यावर, तरुण होत गेला. पण प्रत्येक ठिकाणी त्याची मान वर होती. बाई फोटो घेईपर्यंत तो आपल्या घड्याळाकडे बघत राहायचा, एखाद्या आईने स्टेजवरच्या लेकराकडे बघावं तसा. दिसायचा तो फक्त गळा आणि हनुवटी.

"यातलाच एखादा मोठा करू?" दुपार कलल्यावर स्टुडिओवाला म्हणाला. "हनुवटी झकास येईल."

"हनुवटीला कोण ओळखणार?"

"मग सोडा, बाई. डोळे जातील."

"जाऊ देत. मला शब्द पाळायचाय."

त्याने चहा मागवला, आणि दुसरा दिवा त्यांच्याजवळ ओढून दिला.

शेवटी एक पाकीट उरलं. त्यावर बाईंच्याच अक्षरात 'वाया' असं लिहिलेलं. हललेले, उजेड शिरलेले, कधीच न छापलेले. वडिलांच्या शिस्तीत काही फेकायचं नसे, म्हणून राहिले होते. त्यातली एक पट्टी काचेवर ठेवली आणि बाई थबकल्या. घड्याळ होतं, त्याला काटे नव्हते.

सगळा दिवस आठवला. काटे रंगवायला उतरवले होते. "आज बघायला काही नाही हो, बाई," तो ओशाळून म्हणाला होता. नेम चुकू नये म्हणून त्यांनी एकच फोटो घेतला होता. बिनकाट्यांच्या घड्याळाचा फोटो छापायचा कशाला, म्हणून विसरल्या होत्या.

भिंग डावीकडे सरकलं. खांबापाशी तो उभा होता, अख्खा. हातात घड्याळाचा मोठा काटा, त्याच्याहूनही उंच, भाल्यासारखा उभा धरलेला. त्या दिवशी वर बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तो समोर बघत होता. बाईंकडे. जरासा हसून.

बाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात हात जोडले. मग बाजूला होऊन स्टुडिओवाल्याला जागा दिली.

त्याने बराच वेळ बघितलं. "असा होता होय हा," तो पुटपुटला. मग चष्मा पुसून म्हणाला, "मोठा करायचा म्हणजे दोन्ही मावणार नाहीत, बाई. काय कापू?"

"घड्याळ कापा."

"आणि काटा?"

"काटा राहू दे. तो त्यांच्या हातातला आहे."

रविवारी सकाळी बाई नेहमीच्या वेळी तयार झाल्या. वडिलांच्या कापडी बांधणीच्या फोल्डरमध्ये, जिथे एके काळी इमारतींचे नकाशे असत, तिथे फोटो ठेवला आणि नाडी बांधली. कॅमेऱ्यात नवा रोल घातला.

"आज कुठला पूल?" वहिनींनी आतून विचारलं.

"आज पूल नाही. त्या गल्लीत चाललेय. त्या मुलीच्या आईंना विचारेन, हो म्हणाल्या तर मायलेकींचा एक काढेन." त्या दारात घुटमळल्या. "वहिनी, तुम्ही येता? बाजूला नाही उभं करणार."

"आज तुम्हीच जाऊन या," वहिनी बाहेर येत म्हणाल्या. "शब्द तुम्ही दिलाय. पुढच्या रविवारी मी येते. आणि मध्यभागी उभी राहते, सांगून ठेवते."

जिना उतरताना कानामागे तो आवाज आलाच. माणसं जाऊ देत.

"तुमची मापं सगळी घेऊन झाली, बाबा," बाई हलकेच म्हणाल्या.

चौकात ऊन पसरलं होतं. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर एक कुटुंब टेकलं होतं. कॅमेरा बघताच त्यातली आई लगबगीने पोरांना दंडाला धरून उठवू लागली. "उठा, उठा, त्यांना फोटो काढायचा असतो."

"बसा हो, बसा. असू देत," बाई म्हणाल्या.

घड्याळाला अजून नवा माणूस मिळाला नव्हता. काटे कुठल्याशा दुपारवर थांबले होते. बाईंनी वर फार वेळ बघितलं नाही. डावीकडच्या खांबापाशी त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग फोल्डर छातीशी धरून गल्लीत शिरल्या, शेवटच्या घराच्या दिशेने.