आखणी

जोह्याच्या कारखान्यातली शांतता ऐकू यायची. श्रावणातली दुपार, पत्र्यावर रेंगाळलेली सर, बाहेर नुकत्या लावलेल्या भातात बेडकांचा एकसुरी घोष आणि आत रंग फवारणाऱ्या यंत्राची घरघर; एवढ्यात वन्सं बारीक ब्रश उचलत, आणि कुणी न सांगता यंत्र थांबे, बोलणी थांबत. डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देऊन त्या ओठ मिटत, श्वास आत घेत आणि धरत. त्या धरलेल्या श्वासाच्या अवधीत गणपतीच्या कोऱ्या, पांढऱ्या डोळ्यावर केसाहून बारीक काळी रेघ उमटत जाई. मग श्वास सुटे आणि मूर्ती आपल्याकडे बघू लागे. चाळीस वर्षं मी हे पाहिलं, पण दर वेळी अंगावर काटा यायचा.

आमच्या पेण भागात या कामाला आखणी म्हणतात. मूर्ती ओता, घासा, रंगवा, तिच्यावर दागिने चढवा. आखणी होईपर्यंत ती आंधळीच. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन त्या जोह्याला गेल्या आणि सासरच्या कारखान्यात आखणीला बसल्या त्या बसल्याच. मी रोह्याजवळ वरशाला राहणारी, शाळेत आयुष्य घालवलेली मास्तरीण; मला आखणी हा शब्द दुसऱ्याच अर्थाने ठाऊक. सहलीची आखणी, वर्षाची आखणी, वहीत समासाची रेघ मारून केलेली. या दोन आखण्यांची गाठ पुढे कैलासाच्या वाटेवर पडायची होती, आणि ती वाट आम्हा दोघींपैकी कुणालाच दिसायची नव्हती.

त्यांचं रूप सांगायचं तर सांगण्यासारखं काही नाही. ठेंगणी, सावळी बाई; केसांवर बारा महिने प्लास्टरची भुकटी, त्यामुळे त्यांचे केस खरोखर कधी पांढरे झाले ते कुणाला कळलंच नाही. हसू मात्र मोकळं, घरभर पसरणारं. त्या हसण्याच्या शेवटी एक खोकला येई, कोरडा, दोन ठोक्यांचा. आम्ही त्याला खोकला म्हणतच नसू. तो त्यांच्या हसण्याचाच एक भाग वाटे. किती आंधळी होतो आम्ही सगळी!

त्यांचे यजमान, आमचे भावोजी, डोंगर रंगवीत. शंकराच्या मांडीवर बसलेला गणपती आणि मागे हिमाच्छादित कैलास, ही त्यांची खास मूर्ती. कॅलेंडरवरच्या चित्रावरून उचललेला तो निळसर बर्फ त्यांनी हजारदा रंगवला असेल. एकदा एक गिऱ्हाईक, कैलास प्रत्यक्ष पाहून आलेलं, मूर्ती घेता घेता सहज बोलून गेलं की बर्फाचा निळा असा नसतो हो. झालं! त्या एका वाक्याने भावोजींची झोप उडवली. त्यांनी पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर ओळीने सात निळे रंगवले, पहिला जवळजवळ पांढरा, शेवटचा जांभळ्याकडे झुकलेला, आणि म्हणाले की यातला एक तरी खरा असेल. कोणता, ते त्यांना कळलं नाही. जाताना त्यांच्या ओठांवर ना देवाचं नाव होतं ना मुलाबाळांचं. ‘निळा चुकला का गो?’ एवढंच त्यांनी वन्संना विचारलं.

वन्संना कैलासाला जायचं होतं ते एवढ्यासाठी. डोंगरासमोर उभं राहून ती पट्टी डोळ्यांपुढे धरायची आणि सातांतला कोणता ते बघायचं. पुण्य, मोक्ष, प्रदक्षिणा ही सगळी माझी भाषा. त्या ऐकून घेत आणि मान डोलावत. मीही तेव्हा एकटी झाले होते. दोन विधवा बायका, एक चौसष्टची, एक सदुसष्टची. रोह्याहून सकाळची गाडी धरून मी पेणला उतरायची, तिथून जोह्याची एसटी, आणि मग त्यांच्या ओटीवर नकाशा उलगडायचा. वाटेत कासूला गाडी थांबली की मी पिशवीतली वही काढून यादी पुन्हा वाचायची: लोकरीचे मोजे, कापूर, सुंठ, गुडघ्याचा पट्टा. आयुष्यात इतकी सुखाची आखणी मी दुसरी केली नाही.

मी पुस्तकातून वाचून दाखवी आणि वन्सं मध्येच टोकत. त्या डोंगराला हिंदू प्रदक्षिणा घालतात तसे बौद्धही घालतात, दोघांनाही तो पवित्र, असं मी वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बघ गो वयनी, तिथं एवढा डोंगर दोघांना पुरतोय. आपल्याकडं एक विहीर पुरत नव्हती.’ अठरा हजार फुटांवरच्या खिंडीत हवा विरळ असते, दम लागतो, असं सांगितल्यावर मात्र त्यांना हसूच आलं. ‘दम? माझा जलम गेला श्वास धरून बसण्यात. मला काय शिकवतो तुझा डोंगर!’ आणि मग तो दोन ठोक्यांचा खोकला.

पासपोर्टच्या कचेरीत यंत्राला त्यांच्या बोटांचे ठसे सापडेनात. घासकागदाने मूर्ती गुळगुळीत करता करता बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या. तिथली मुलगी पुन्हा पुन्हा बोटं पुसून काचेवर ठेवायला सांगत होती, आणि वन्सं ओशाळल्यागत तळहात माझ्याकडे वळवून म्हणत होत्या, ‘देवाला दिल्या गो सगळ्या.’ शेवटी कसेबसे ठसे उमटले. मी हसले, त्याही हसल्या. शरीर जिथे झिजलं ते बाहेरून दिसलं. आतली झीज बघायला आम्हाला आणखी महिना लागला.

अर्ज पाठवण्याआधी तब्येत दाखवून घेऊ, हा माझाच शहाणपणा. पेणला एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. वन्सं बाहेर चपला घालत होत्या तेवढ्या वेळात डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. ‘बाई, वर्षानुवर्षं भुकटी ओढली आहे यांनी. जोह्यात जगतायत तेवढं पुष्कळ. त्या उंचीवर नेलंत तर परत आणणार नाही तुम्ही.’ मी फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘काय म्हणला गो?’

‘काही नाही हो वन्सं. खोकल्याचं औषध दिलंय,’ मी म्हणाले.

खोटं असं अलगद सुटतं तोंडातून. वर्गात पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारी मी! घरी येऊन मी दोघींचे अर्ज भरले, नीट वाचले, आणि पाठवले नाहीत. यात्रेला सोडत असते हे त्यांना ठाऊक होतं. काही आठवड्यांनी सांगितलं की आपली नावं निघाली नाहीत. मला वाटलं, उमेद हळूहळू आपोआप विझेल. ‘पुढल्या साली निघतील,’ त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गावामागची टेकडी चढायला लागल्या. पाठीवर पिशवीत दोन पायली तांदूळ, सामान वाहायची सवय व्हावी म्हणून. शेताच्या बांधावरून ती ठेंगणी आकृती टेकडीकडे वाकून चाललेली मी एका सकाळी पाहिली. दर वीस पावलांवर ती थांबत होती, मनगटाला हात लावून जणू श्वास धरत होती. धरत नव्हती, शोधत होती. मला हाक मारता आली असती.

त्याच वर्षी वरशातल्या माझ्या शेजाऱ्यांची, नवरा-बायको दोघांची, सोडतीत नावं निघाली. मी वन्संना कळू दिलं नाही. भेट झाली असती, अर्जाच्या गोष्टी निघाल्या असत्या, माझं पितळ उघडं पडलं असतं. ते गेले, आले, मानसरोवराचं पाणी घेऊन आले. मी तेही लपवलं. पुढच्या वर्षी ती साथ आली, जगाची दारं लागली, त्यांत त्या वाटेचंही लागलं, आणि वर्षामागून वर्ष ते उघडेना. वन्सं दर खेपेला विचारत, ‘उघडला का गो रस्ता?’ आणि देवाची शपथ, मला हायसं वाटे. आता निदान खरं उत्तर देता येत होतं.

मग एका श्रावणात मी कारखान्यात बसले असताना यंत्र थांबलं, बोलणी थांबली, वन्संनी ब्रश उचलला. श्वास घेतला, धरला. रेघ पापणीच्या मध्यापर्यंत आली आणि थरथरून खाली घसरली. त्यांनी फडक्याने डोळा पुसला, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा रेघ त्याच जागी तुटली. ‘दम पुरला नाय गो वयनी,’ त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग ब्रश पाण्यात बुडवून, सावकाश धुऊन, त्यांनी विचारलं, ‘तेव्हा डाक्तर काय म्हणला व्हता?’

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पाकीट, न पाठवलेले अर्ज, शेजारी. त्या आरडाओरडा करतील, रडतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. धुतलेला ब्रश त्यांनी फडक्यावर निथळत ठेवला.

‘मी नसते गेले तर नसते गेले,’ त्या म्हणाल्या. ‘पण पट्टी गेली असती. तुझ्या शेजाऱ्याच्या हाती पट्टी गेली असती.’

हे मला सुचलंच नव्हतं! यात्रेला माणसालाच जावं लागतं, हे माझं पुस्तकी ज्ञान. त्यांना फक्त एक उत्तर हवं होतं, आणि ते कुणाच्याही खिशातून येऊ शकलं असतं. मी त्यांचा जीव वाचवायला निघाले आणि त्यांचा प्रश्नच मारून टाकला.

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी ‘गो’ म्हटलं नाही. बाकी सगळं होतं तसंच. चहा व्हायचा, निघताना तांदळाची पिशवी हातात यायची, ‘सांभाळून जा’ व्हायचं. फक्त वाक्याच्या शेवटी जिथे तो एक शब्द असायचा तिथे आता काही नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेवर मी दर खेपेला अडखळायची. पुढे घरात प्राणवायूचं नळकांडं आलं. खिंडीतली ती विरळ हवा शेवटी जोह्यातच त्यांच्या उशाशी येऊन बसली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पडवीत ऊन कोवळं असताना, त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. ‘ठेव,’ म्हणाल्या. पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबले. काही आलं नाही. चार दिवसांनी त्या गेल्या.

आता तो मार्ग पुन्हा उघडला आहे आणि मी सत्तरी ओलांडली आहे. नियमाने आता मला कुणी नेणार नाही. मध्यंतरी धीर करून शेजाऱ्यांना विचारलं, बर्फाचा रंग नेमका कसा होता हो? ते म्हणाले, ‘पांढराच की! बर्फ तो!’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या, नाही, निळसर होता. दोघांनी आपापले मोबाईल काढले. एकात डोंगर राखाडी, दुसऱ्यात आकाशी, आणि दोघं वाद घालू लागले. मी पट्टी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

सबंध यात्रा मी किती निगुतीने रंगवली होती, मोज्यांपासून कापरापर्यंत. डोळे तेवढे आखायचे राहिले. माणूस गेल्यावर त्याचा चेहरा आधी पुसट होतो म्हणतात. मला वन्संचा चेहरा लख्ख दिसतो, खोकलाही ऐकू येतो. पट्टीवरचे निळे मात्र दर श्रावणात दमट हवेने थोडे थोडे एकमेकांत उतरत चालले आहेत, आणि काळाने एवढं सगळं माझ्यापाशी ठेवलं, त्यात तो एक ‘गो’ तेवढा ठेवला नाही.